मुतखड्याचं सोंग

२ जून २००८

लग्नसराई संपली. आता गणपतीपर्यंत ‘महादेवी साऊंड सर्व्हिस’च्या बुकिंग डायरीत पानंच्या पानं कोरी राहणार. आजपासून त्या कोऱ्या पानांवर मी लिहिणार आहे. जे झालंय ते कुठंतरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि घरात तर ते सांगायचं नाही असं ठरवलंय.

झालंय ते असं. लघवीला त्रास होत होता म्हणून डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी रक्त तपासलं, मग आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आज रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर. प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी प्रत्येक पुरुषाच्या पोटात, मूत्राशयाच्या खाली असते, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं गप बसली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, बाहेर पसरलेलं नाही. पण माझी बायपास झालेली, म्हणून मोठं ऑपरेशन नको. पुण्यात एक नवीन उपचार आलाय. कापाकापी नाही, आवाजाच्या लहरींनी आतल्या आत जाळतात. मी म्हटलं, डॉक्टर, चाळीस वर्षं माझा आवाजाचाच धंदा आहे, अजून एक माशी जळालेली बघितली नाही. ते हसले, मीही हसलो. खाली आल्यावर स्कूटर सुरू करायचीच राहिली, अर्ध्या वाटेपर्यंत ढकलत नेली.

बायकोला, महादेवीला सांगायचं नाही. तिचा थोरला भाऊ संकेश्वरला याच रोगानं गेला, तेव्हा ती दोन महिने धड जेवली नव्हती. घरी सांगितलं, मुतखडा आहे, पुण्याला जाऊन आवाजानं फोडून घ्यायचा. फार खोटं नाही. आवाज खरा आहे, फक्त खडा खोटा.

डायरी नेहमीसारखी घरात फोनशेजारीच ठेवणार. लपवायचं कारण नाही. महादेवी कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी बोलते अशी की कोल्हापूरच्या गंगावेशीतला भाजीवाला भाव न सांगता पिशवी भरून देतो, पण वाचायच्या नावानं शून्य. फोनवर बुकिंग घेते, सगळं डोक्यात ठेवते, मी आलो की सांगते आणि मी लिहितो. माझं उलटं आहे. घरात कन्नड बोलतो, पण शाळा मराठी. कन्नड अक्षर मला सगळं सारखंच गोल दिसतं.

तपासणीपासून दुकानातल्या लोखंडी खुर्चीवर बसवत नाही. दिवसभर उभा राहून पिराजीला कामं सांगतो. तो म्हणाला, मालक आज लई जोरात हायसा.

५ जून

मुतखड्याची बातमी गल्लीभर झाली. आता मला कळतंय की मी रोग चुकीचा निवडला. मुतखड्यावर औषध माहीत नाही असा माणूस कोल्हापुरात जन्माला यायचाय. सकाळपासून तीन घरांतून पानफुटीची पानं आली. महादेवीनं हुलग्याचं पाणी सुरू केलंय, सकाळ-संध्याकाळ तांब्याभर. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद. कॅन्सरला डॉक्टरांनी काहीच बंद केलं नव्हतं.

शेजारचे हंबीरराव तर मुतखड्याचे गुरू. दूध संघातून रिटायर झालेत, तीन वेळा खडे पडलेत, आणि ते तिन्ही त्यांनी होमिओपॅथीच्या बाटलीत जपून ठेवलेत. चहाला बसले की बाटली खुळखुळवून दाखवतात. मला म्हणाले, “अण्णा, तुमचा निघाला की पैला मला दावायचा. बघितल्याबरोबर जात सांगतो.”

दुकानातल्या खुर्चीवर आज एक नवी मऊ उशी होती. महादेवीनं पाठवली म्हणे. मुतखड्याला उशी लागते असं हंबीररावांनी सांगितलं असणार.

१४ जून

काल पुण्याला जाऊन आलो. सौंदर्या, माझी मुलगी, तिथंच असते. तिला फोनवर खरं सांगितलं होतं. आधी रडली, मग शपथ घेतली की अव्वाला, म्हणजे आईला, सांगणार नाही. तीच बरोबर आली.

डॉक्टर माझ्या जावयाच्या, मल्लेशच्या वयाचे. त्यांनी नीट समजावलं. मागच्या वाटेनं एक नळी आत घालतात. तिच्या तोंडाशी वाटीसारखी खोलगट चकती असते. तिच्यातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो. वाटेतल्या मांसाला तो काही करत नाही. पण सगळ्या लहरी जिथं एकत्र येतात तिथं तांदळाच्या दाण्याएवढी जागा उकळत्या पाण्याइतकी तापते आणि मरते. मग पुढचा दाणा, मग त्याच्या पुढचा. असं करत सगळी ग्रंथी.

सौंदर्याला पटेना. मला मात्र लगेच पटलं. एकोणीसशे ब्याण्णवला शिरोळच्या एका लग्नात मी चार कोपऱ्यांतले चार भोंगे मांडवाच्या मधोमध रोखले होते आणि नेमकी तिथंच व्याह्यांची खुर्ची. छातीत गुरगुरतंय म्हणून ते तीनदा उठले. शेजारचे लोक निवांत भात खात होते. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, अगदी हेच. हे मी आता इतर पेशंटना सांगीन.

मग त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. उपचार नवीन आहे, दहा-पंधरा वर्षांनी काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. काही जणांत रोग परत येतो. काही दिवस लघवीची नळी आणि मांडीला पिशवी. नंतर काही महिने कपडे ओले होऊ शकतात. आणि नवराबायकोचं जे असतं ते कदाचित संपेल. हे सांगताना त्यांनी सौंदर्याला बाहेर पाठवलं, ते बरं केलं.

त्रेसष्टाव्या वर्षी त्याचं काय, असं लोक म्हणतील. म्हणू देत. रात्री पाठीला पाठ लावून झोपलो तरी ती पाठ आपली आहे असं वाटतं, ते गेलं तर? आणि मला भीती वाटते. भूल देताना बाहेर आपलं कोण असणार? सौंदर्या आहे, पण ती मुलगी. तिच्यासमोर मला धीराचा बाप राहावं लागेल. ती पिशवी घेऊन घरी आलो तर महादेवीपासून लपवणार कशी, हेही सुचत नाही. इथं लिहिलं म्हणून जरा मोकळं वाटलं.

१६ जून

महादेवीनं आज सकाळी जाहीर केलं की तीही पुण्याला येणार. सौंदर्याला बघून किती दिवस झाले, म्हणे. मागच्याच महिन्यात सौंदर्या आठवडाभर राहून गेलीय. मी म्हटलं, मुतखड्यासाठी कशाला एवढी वरात? ती म्हणाली, तुमच्या मुतखड्यासाठी कोण येतंय, मी लेकीसाठी येते.

आता हिला दवाखान्यात सांभाळायचं म्हणजे एक जादा काम. तरीपण बरं वाटलं. का वाटलं कुणास ठाऊक.

दुपारी मशीनवर काहीतरी शिवत होती. जुन्या खणाची पिशवी, वर दोन बंद, मांडीला बांधता येईल अशी. म्हणाली, मुतखडेवाल्यांना लागते. हंबीरराव सगळंच सांगून बसलेत वाटतं. त्यांना एकदा गप करायला पाहिजे.

२४ जून, पुणे

उद्या सकाळी आहे. आज भरती झालो. डायरी पिशवीत घालून आणलीय. महादेवीनंच घातली, म्हणाली बुकिंगचा फोन आला तर.

विभागाच्या दारावर एवढी मोठी पाटी, ‘मूत्ररोग व कर्करोग विभाग’. मराठीत. हिला मराठी वाचता आलं असतं तर सगळं सोंग दारातच उघडं पडलं असतं. ती पाटीसमोर बराच वेळ उभी होती. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, अक्षरं सुबक काढल्यात.

डॉक्टरांना मी आधीच विनवून ठेवलं होतं की बायकोसमोर तो शब्द काढू नका. त्यांना ते आवडलं नाही, पण शब्द पाळला. नुसतं लहरी, यंत्र, दोन-तीन तास असं सांगितलं. महादेवीनं एकच प्रश्न विचारला. “आतलं जळतंय ते कळलं. पर बाजूचं जळत न्हाय कशावरनं?” डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, प्रत्येक दाण्याआधी यंत्र अंतर मोजतं. तिनं मान हलवली. मुतखडा फुटतो, जळत नाही, हेसुद्धा तिला ठाऊक नाही. मनातल्या मनात हसलो.

गळ्यातलं लिंग काढा म्हणून सिस्टर मागं लागली. आम्ही लिंगायत, ते अंगावेगळं करत नाही. महादेवीची आणि तिची बरीच वादावादी झाली. शेवटी चांदीची डबी काढून घेतली आणि लिंग फडक्यात बांधून दंडाला बांधायचं ठरलं. महादेवीनं सिस्टरकडून तीन गाठी मारून घेतल्या आणि एकेक ओढून बघितली.

२७ जून, पुणे

झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, उजव्या कुशीवर पावणेतीन तास. मी कान देऊन ऐकत होतो. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. यंत्राची बारीक टिक टिक आणि एसीची घरघर. चाळीस वर्षांत मी पाहिलेलं हे सगळ्यात भारी साऊंड, आणि त्याचा मालक सांगतो की ऐकू येत नाही तेच चांगलं. मी असं सांगितलं असतं तर कोल्हापुरात एक मंडळ माझ्याकडं आलं नसतं.

बाहेर आणलं तेव्हा महादेवी बाकावर बसलेली होती. सौंदर्या म्हणाली, अव्वा तीन तास उठलीच नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. मुतखड्यासाठी एवढं. मला तिची दया आली. खरं कळलं असतं तर काय झालं असतं?

खणाची पिशवी अगदी बरोबर बसली.

७ जुलै

काल नळी निघाली. आता कोल्हापुरात आहे. पिराजी दुकान बघतो.

हंबीरराव सकाळी सातलाच हजर. “काय अण्णा, खडा बघू की.” मी म्हटलं, आवाजानं फोडला, भुगा झाला. ते ऐकेनात. भुगा तरी गाळून ठेवला असेल, निदान एक तुकडा तरी. मुतखडा काढून घेतला आणि दाखवायला काही नाही, हे त्यांच्या हिशेबी लग्न होऊन फोटो नसल्यासारखं. गल्लीत तेच बोलतील. वेळ मारून नेली, म्हटलं सौंदर्याकडं राहिलाय, कुरिअरनं येतोय.

९ जुलै

खडा मिळाला. पिराजी चंदगडचा आहे, दरवर्षी घरच्या तांदळाचं पोतं आणतो. भात चांगला होतो पण खडे फार. महादेवी परातीत तांदूळ निवडत होती, खडे शेजारच्या वाटीत. ती फोनला उठली तेवढ्यात मी त्यातला एक बरासा, काळपट, खिशात टाकला. साबणानं धुतला आणि औषधाच्या बाटलीत घातला.

हंबीररावांनी तो उन्हात धरला, नखानं खरवडला, चष्मा काढून बघितला, चष्मा घालून बघितला. मग म्हणाले, लई जुना खडा हाय, बारा वर्षं तरी झाली असतील, कडक जात. आपल्या बाटलीशेजारी ठेवून त्यांनी मापही घेतलं. माझा मोठा निघाला. तेव्हापासून मला अण्णाऐवजी अण्णासाहेब म्हणतात.

महादेवी आतून चहा घेऊन आली. म्हणाली, यंदाच्या तांदळात खडं कमी निघतात बघा. हंबीररावांचं लक्ष नव्हतं.

२ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहावं असं काही नव्हतं, आणि जे होतं ते लिहायची लाज वाटत होती. कपडे ओले होतात. शिंकलो तरी, हसलो तरी. दुकानात दोनदा झालं. डॉक्टर म्हणतात कमी होईल. मी रोज दोन धोतरं बदलतो आणि गुपचूप भिजवतो. गच्चीवरच्या दोरीवर एवढी धोतरं बघून कुणी विचारलं तर काय सांगू? कालपासून ही भीतीच झालीय. रात्री झोपही भिंतीला चिकटून घेतो, तिच्यापासून लांब.

४ ऑगस्ट

महादेवीनं कपडे वाळत घालायची दोरी मागच्या खोलीत बांधून घेतली. पावसानं गच्चीवर वाळत नाही, म्हणे. इतकी वर्षं पाऊस नव्हता काय? पण माझं काम झालं.

आणि तिनं आपली गादी ओढून माझ्या गादीला जोडलीय. म्हणाली, तिकडं वरनं गळतंय. मी स्टुलावर उभा राहून स्लॅबला हात लावून बघितलं, तर कोरडा ठणठणीत. उद्या पिराजीला बघायला सांगतो.

डायरीच्या मागच्या पानांवर तिनं कन्नडमध्ये बरंच काही खरडून ठेवलंय. चांगली सात-आठ पानं. लोणच्याची कृती असावी. बुकिंगला जागा लागते, तिला सांगायला पाहिजे.

१५ सप्टेंबर

गणपती संपले. मिरवणुकीत आपले बेस पिराजीनं लावले होते. मी घराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. मिरवणूक जवळून गेली तेव्हा छाती हादरली. मनात आलं, एवढ्या आवाजानं गल्लीतली एक भिंत पडली नाही, आणि त्या मुक्या आवाजानं माझ्या पोटातलं घर पाडलं. पाडलं का ते मात्र अजून माहीत नाही. उपचारानंतर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आकडा खाली आला तर सुटलो. नाही आला तर पुढं काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

कपडे आता क्वचितच ओले होतात. हे लिहायला बरं वाटतं.

तपासणी सव्वीसला. महादेवीला सांगेन, अँप्लिफायर बघायला चाललोय. रिपोर्ट वाईट आला तर तोंड लपवायला पुण्यासारखी जागा नाही.

२० सप्टेंबर

आज सव्वीसच्या पानावर खूण करायला डायरी उघडली. पानावर आधीच बुकिंग होतं. अक्षर ओळखीचं नव्हतं. जाड, सरळ, डोक्यावरची रेघ ठसठशीत, आमच्या बेसच्या खोक्यांवर पेंटरनं काढलंय तसं. लिहिलं होतं:

“पुणे. रगत तपासनी. दोगं जानार. दुसरं बुकिंग घेऊ न्हये.”

मला वाटलं पिराजी. पण पिराजीला रक्ताचं काय ठाऊक? मग मी फोनशेजारच्या खुर्चीवर बसलो. तिच्यावरही तशीच उशी होती. दुकानातली उशी आठवली, मग पिशवी आठवली, पाटी, दोरी, गादी. मी पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं, या वेळी तिच्या डोळ्यांनी. चौदा जूनच्या पानाशी आलो तेव्हा कान गरम झाले.

ती परात घेऊन तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, मराठी वाचायला कधीपासून येतं. तिनं मान वर केली नाही.

“सौंदर्या पैलीत हुती तवापासनं. तिच्यासंगं शिकले. तुमी कधी इचारलं न्हाईसा.”

मग मला सांगितलं का नाहीस, म्हटलं.

“तुमी तरी कुठं सांगितलासा?” ती म्हणाली. “आनि तुमचं लपवायचं चाललंय तवर तुमी घाबरून बसत न्हाई, हे बी मला दिसत हुतं की.”

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि तिच्याबरोबर खडे वेचायला लागलो. ती भावाच्या वेळी जेवली नव्हती, म्हणून मी हे सगळं केलं. या वेळी ती रोज माझ्यासमोर बसून दोन भाकरी खात होती. मला वाटायचं, बिचारीला काही कळत नाही.

२७ सप्टेंबर

काल दोघं जाऊन आलो. आकडा आधी साडेआठ होता, आता शून्य पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाले, छान आहे, पण दर तीन महिन्यांनी यायचं, खात्री कुणालाच देता येत नाही. महादेवीनं रिपोर्ट हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. बाहेर पडताना दारावरच्या पाटीकडं परत एकदा बघून म्हणाली, अक्षरं काय एवढी सुबक न्हाईत.

महादेवी, हे पान तुझ्यासाठीच लिहितोय, तू वाचणार आहेसच. हुलग्याचं पाणी आता बंद कर. चार महिने झाले, मुतखडा नव्हता हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. हंबीररावांना मात्र कधी सांगायचं नाही, त्यांनी तो खडा आपल्या पाहुण्यांना दाखवायला नेलाय.

आणि एक तक्रार आहे. मला किती भीती वाटत होती ते तू पानापानाला वाचलंस. तुला किती वाटली ते मला कळलंच नाही. एकटीनं सोसलंस. माझ्यासारखं कुठंतरी लिहायचं होतंस.

*(खाली, जाड अक्षरात)*

लिवलंय. मागच्या पानांवर. लोनचं न्हाय ते.